साल्हेर ते सेंजी: स्प्लेंडरवर तेरा दिवस

सुरुवातीलाच सांगतो, मागून जो घरघर आवाज येतोय तो ट्रॅक्टरचा आहे. उन्हाळ कांदा निघालाय आणि आमच्या नामपूरमध्ये सकाळपासून ट्रॉल्यांची रांग बाजार समितीकडे लागलेली असते. खिडकी बंद केली तरी आवाज येतो, आणि बंद केली की मी भाजून निघतो. तेव्हा आजचा एपिसोड ट्रॅक्टरसकट ऐकून घ्या.

गेल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांनी व्हॉइस नोट पाठवून एकच विचारलं: "भाऊ, त्या ट्रिपबद्दल कधी बोलणार?" मी टाळत होतो. कारण फोटो टाकणं सोपं असतं. मी तेव्हा का गेलो होतो हे सांगणं तितकं सोपं नाही. आज सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: यंदा जानेवारीच्या शेवटी मी नामपूरहून एकटा निघालो आणि तामिळनाडूतल्या जिंजी किल्ल्यावर आणि पुढे तंजावरला जाऊन आलो. जाऊन-येऊन ३,१४० किलोमीटर, तेरा दिवस. गाडी म्हणजे नानांची स्प्लेंडर. हो, तीच, जिच्यावर आमच्याकडे दुधाचे कॅन, खताची गोणी आणि मधे बसलेला भाचा असं सगळं एकाच वेळी जातं.

आता थोडं मागे जाऊ.

मी पाच वर्षं पुण्यात होतो. स्पर्धा परीक्षा. पेठेतली कॉट बेसिसची खोली, अभ्यासिकेतली ठरलेली खुर्ची, मेसचा डबा. तीनदा पूर्व निघाली, एकदा मुख्यही निघाली, मुलाखतीत राहिलो. मग परत पहिल्यापासून. अठ्ठावीस वर्षांचा झालो आणि एक दिवस पुस्तकांची तीन खोकी घेऊन एसटीनं घरी आलो.

पण मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट निकालाची नव्हती. एका सराव मुलाखतीत समोरचे सर म्हणाले, "तयारी चांगली आहे, पण बोलण्यात ढब येते. ती घालवा." बाकीचे हसले. वाईट हेतू नसेल त्यांचा. पण तेव्हापासून मी काय करायला लागलो माहितीये? मायचा फोन आला की खोलीतून उठून गच्चीवर जायचो. कारण मायशी मी अहिराणीतच बोलतो, आणि ती कोणी ऐकू नये असं मला वाटायचं. पाच वर्षांत मी काय शिकलो विचाराल तर हे शिकलो: आपल्या आईशी हळू आवाजात बोलायला.

घरी आल्यावर वेगळंच सुरू झालं. नामपूर काही एवढं मोठं नाही. मोसम नदीच्या काठचं बाजाराचं गाव. चहाला बाहेर पडलं की चार जण भेटणारच, आणि चौघांचा प्रश्न एकच: "मंग, आते काय?" त्यात कुणाचं काही चुकत नव्हतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं एवढंच.

जुलै २०२५ मध्ये बातमी आली. युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यात आमचा साल्हेर! बागलाणातला, आमच्या घरापासून दीड-दोन तासांवरचा. गावात ग्रुपवर नुसता धुरळा. मी यादी वाचत होतो. अकरा किल्ले महाराष्ट्रातले, आणि बारावा जिंजी, तामिळनाडू. यादीच्या एका टोकाला आमचा साल्हेर, दुसऱ्या टोकाला तो.

आता गंमत बघा. जिंजी मला तोंडपाठ होता. "राजाराम महाराजांनी कोणत्या किल्ल्यावरून राज्यकारभार केला?" जिंजी. "वेढा कोणी घातला?" झुल्फिकार खान. एकेका मार्काचे प्रश्न. पाच वर्षं मी ते नाव पेन्सिलनं गोल करत होतो, आणि तो किल्ला काळा आहे की तांबडा हेही मला ठाऊक नव्हतं. त्याच रात्री मॅप उघडला. दीड हजार किलोमीटरच्या आतबाहेर. एवढंच?

नानांना सांगायला मला पाच महिने लागले. डिसेंबर-जानेवारी म्हणजे उन्हाळ कांद्याची लागवड. तेव्हा बाईकवर फिरायला जातो म्हणणाऱ्या मुलाला कोणता शेतकरी बाप हो म्हणेल? शेवटचा वाफा लागला त्या संध्याकाळी विचारलं. नाना थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "एकलाच?" मी म्हटलं, "हा." त्यांनी खिशातून चावी काढली आणि खाटेवर ठेवली. मायची अट एकच होती, रोज संध्याकाळी सातला फोन. बहीण मात्र म्हणाली, "दादा, हेच मी विचारलं असतं तर चावी निघाली असती का रे खिशातून?" मला उत्तर देता आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी साल्हेर चढलो. सुरुवात तिथूनच करायची होती. ताहाराबाद, मुल्हेर करत वाघांब्याला गाडी लावली. साल्हेरची उंची १,५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला. कातळात खोदलेल्या पायऱ्या, एकामागून एक दरवाजे, आणि अगदी माथ्यावर परशुरामाचं छोटं मंदिर. १६७२ साली याच्या पायथ्याला मराठे आणि मोगल उघड्या मैदानात समोरासमोर लढले आणि मराठे जिंकले. मोरोपंत पिंगळे, प्रतापराव गुजर तिथे होते. सूर्यराव काकडे तिथेच पडले. शाळेच्या सहलीला आलो होतो तेव्हा मी वर फक्त भेळ खाल्ली होती. या वेळी दक्षिणेकडे तोंड करून बसलो आणि पोटात गोळा आला.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला निघालो. मालेगाव, मनमाड, शिर्डी, अहिल्यानगर. ठरवलं होतं सोलापूर गाठायचं. कागदावर साडेचारशे किलोमीटर काहीच वाटत नाही, पण शंभर सीसीच्या गाडीवर पन्नास-पंचावन्नचाच वेग धरावा लागतो. त्याच्या वर गेलात की गाडीही थरथरते आणि तुम्हीही. करमाळ्याच्या अलीकडे दिवस मावळला आणि उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. एक ट्रॉली मला दिसली ती अगदी दहा-बारा फुटांवर. ब्रेक दाबला, मागचं चाक सरकलं, गाडी कच्च्यात उतरली आणि उभी राहिली. पडलो नाही. पण पाय इतके लटपटत होते की स्टँड लावता येईना.

त्या रात्री करमाळ्यातच थांबलो आणि नियम केला: सूर्य मावळला की चाक बंद. तेरा दिवसांत एकदाही मोडला नाही. तुम्ही आजच्या एपिसोडमधून एकच गोष्ट घेणार असाल तर ही घ्या.

दुसऱ्या दिवशी सोलापूर ओलांडून विजापूर, म्हणजे आताचं विजयपुरा. गोल घुमट बघितला. वरच्या सज्जात भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की समोरच्या बाजूला, एवढ्या लांब, शब्द स्पष्ट ऐकू येतो. सगळे तिथे आपापल्या माणसाचं नाव घेत होते. मीही काहीतरी बोललो, पण पलीकडे कान लावायला माझं कुणी नव्हतं. एकट्याच्या प्रवासात असे चिमटे फार बसतात, आणि ते रीलमध्ये येत नाहीत.

तिसरा दिवस पंक्चरचा. इलकल सोडल्यावर मागचं चाक बसलं. ऊन, दोन्हीकडे मोकळं रान. दोन किलोमीटर गाडी ढकलली तेव्हा एक टपरी सापडली. मेकॅनिक माझ्याच वयाचा. त्याला मराठी येत नाही, मला कन्नड येत नाही, हिंदी दोघांचीही कामापुरती. त्यानं ट्यूब काढली, फुगवली, पाण्यात बुडवली आणि मग मला जवळ बोलावून बोटानं मोजून दाखवलं: एक, दोन, तीन... सात ठिगळं. आठवं लावायला त्यानं चक्क नकार दिला.

मला लाज वाटली. तुम्हाला कळतंय ना का? मी निघण्याआधी चार हजारांचं रायडिंग जॅकेट घेतलं होतं, फोटोत चांगलं दिसतं म्हणून. आणि सात ठिगळांची ट्यूब तशीच ठेवली होती. ती ठिगळं नानांची. आमच्या डाळिंबाच्या बागेला तेल्या लागला, बाग उपटून टाकावी लागली, त्यानंतरची वर्षं. त्यातून मला पुण्याला दर महिन्याला पैसे जात होते आणि इकडे ट्यूबला ठिगळावर ठिगळ लागत होतं. हे मला घरी कुणी सांगितलं नव्हतं. ते मला कर्नाटकातल्या एका टपरीवर कळलं.

त्या रात्री होस्पेटच्या लॉजवर मी परत फिरायचं जवळजवळ ठरवलं होतं. खरं सांगतो. खोलीत पंख्याचा आवाज, बाहेर कळत नसलेली भाषा, आणि डोक्यात एकच वाक्य: नापास झालेला मुलगा बापाच्या पैशावर फिरतोय. सात वाजता मायचा फोन आला. "जेवन व्हयनं का?" मी म्हटलं, "हा, व्हयनं." झालं नव्हतं. मग उठून खाली गेलो, भात-सांबार खाल्लं आणि झोपलो. सकाळी उठलो तर मन थोडं हलकं झालेलं. कधी कधी कारण एवढंच असतं मंडळी, जेवलेलं नसतं.

पुढे चित्रदुर्ग, तुमकुरू, बेंगळुरूला बगल देऊन कृष्णगिरी, आणि सहाव्या दिवशी तिरुवन्नामलई पार करून जिंजीच्या रस्त्याला. चौकात विचारलं, "जिंजी?" माणूस माझ्याकडे बघत राहिला. "जिंजी किल्ला? फोर्ट?" तेव्हा त्याचा चेहरा उजळला. "ओ, सेंजी!" तिकडे तो सेंजी आहे. पाच वर्षं पाठ केलेलं नाव तिथे पोचल्यावर निम्मं चुकीचं निघालं.

आणि किल्ला काळा नाही. आपल्या सह्याद्रीचा कातळ काळा, थर दिलेला. तिथे तांबूस-करडे प्रचंड गोल दगड, एकावर एक रचल्यासारखे. एक किल्ला नव्हेच तो, तीन डोंगर आहेत: राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी. तिन्ही मिळून बाहेरून तटबंदी. खाली कल्याण महाल, धान्याची कोठारं. राजगिरीच्या माथ्याजवळ डोंगराला खोल चीर आहे आणि ती ओलांडायला एक छोटासा पूल. तो पूल काढला की वरचे वर आणि खालचे खाली. पुलावर उभा राहिलो तेव्हा मला वेढा म्हणजे काय ते कळलं.

थोडा इतिहास, कारण तो इथे लागतो. शिवाजी महाराजांनी दक्षिणेच्या मोहिमेत १६७७ मध्ये जिंजी घेतली. १६८९ मध्ये संभाजी महाराज गेले, मोगलांनी रायगडाला वेढा घातला. तेव्हा राजाराम महाराज निसटून पन्हाळ्याला आणि तिथून वेष पालटून थेट जिंजीला आले. वाटेत केळदीच्या राणी चेन्नम्मानं आसरा दिला. वय किती होतं त्यांचं? एकोणीस. मागे मोगल, रस्ता अनोळखी, भाषा अनोळखी. १६९० पासून जिंजीला वेढा पडला तो १६९८ पर्यंत. शेवटी किल्ला पडला. पण त्याआधी राजाराम महाराज तिथून निघून गेले होते, आणि राज्य चालू राहिलं.

हे मी दहा वेळा लिहिलं असेल उत्तरपत्रिकेत. पण तिथे, त्या दगडावर बसून, वानरं माझ्या बॅगेतली बिस्किटं ओढत असताना, पहिल्यांदा वाटलं की किल्ला सोडणं आणि हरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी कोणी राजाबिजा नाही, आणि माझी परीक्षा म्हणजे काही मोगल नव्हते. पण पाच वर्षं मी एकाच किल्ल्यात बसलो होतो हे मात्र खरं. बाहेर पडायला वाट आहे का, हे बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तंजावर. राजराज चोळाचं मोठं मंदिर, हजार वर्षांपूर्वीचं. त्या मंदिराच्या आवारात भिंतीवर एक लांबच लांब मराठी लेख कोरलेला आहे, १८०३ सालचा. दुसऱ्या सरफोजी राजांनी भोसले घराण्याचा इतिहास तिथे दगडावर लिहून ठेवला. शिवाजी महाराजांचे भाऊ व्यंकोजी तिकडे गेले आणि त्यांच्या वंशानं पुढे पावणेदोनशे-एक वर्षं तंजावर सांभाळलं. त्यांच्याबरोबर गेलेली कितीतरी मराठी कुटुंबं तिथेच राहिली. मला ते जुनं मराठी सलग वाचता येईना. नावं तेवढी ओळखू यायची. एवढ्या लांब तमिळ अक्षरांच्या गर्दीत आपली नावं दिसली की काय होतं, ते सांगता येणार नाही.

संध्याकाळी सात वाजले. मायचा फोन. मी आवारात गवतावर बसलो होतो, आणि आजूबाजूला कुणाला कळणार आहे म्हणून पहिल्यांदाच मोठ्यानं, मोकळ्यानं अहिराणी बोललो. कांद्याला पाणी दिलं का, म्हशीचं काय, सगळं. शेजारी एक आजोबा बसले होते. पांढरी वेष्टी, कपाळावर गंध. फोन चालू असतानाच ते माझ्याकडे वळले आणि विचारलं, "तुम्ही मराठी?"

ते तंजावरचे मराठी. घरात अजून मराठी बोलतात. त्यांची मराठी मला निम्मी कळत होती. काही शब्द फार जुने, काही तमिळ, आणि चाल पूर्ण तमिळ. त्यांनी महाराष्ट्र कधी पाहिलेला नव्हता. नातवंडांशी मराठीत बोललं तर ती तमिळमध्ये उत्तर देतात, म्हणाले. आणि मग हात जोडून, जरा संकोचून मला म्हणाले की आमची मराठी बिघडलेली, तुमच्यासारखी शुद्ध नाही, राग मानू नका.

शुद्ध! मला! अहिराणी बोलणाऱ्या माणसाला! मला हसूही आलं आणि घशाशीही आलं. मी त्यांना सांगितलं, आजोबा, ही जी भाषा तुम्ही आत्ता ऐकली ना, तिला पुण्यात कोणी शुद्ध म्हणत नाही. त्यांना ते पटेना. तिकडून आलेलं सगळंच त्यांच्यासाठी मूळचं होतं.

फोन चालूच होता. माय पलीकडून विचारत होती, कोण आहे? मी फोन आजोबांच्या हातात दिला. दोन मिनिटं बोलले दोघं. ती तिच्या भाषेत, ते त्यांच्या. एकमेकांचं किती कळलं देव जाणे. पण मायनं "जेवन व्हयनं का?" विचारलं, ते त्यांना बरोबर कळलं, आणि त्यांनी आपण काय जेवलो ते सविस्तर सांगितलं. नंतर मायनं मला विचारलं, "कोन व्हता तो?" मी म्हटलं, "आपलाच माणूस."

परतीचे पाच दिवस लवकर संपले. इलकलला थांबून मायला एक इरकल घेतलं. त्या मेकॅनिकच्या टपरीवरही थांबलो. त्यानं आधी टायर बघितला, मग मला चहा पाजला.

घरी आलो. तुम्हाला वाटेल आता सगळं बदललं असेल. नाही हो. गावात प्रश्न तोच होता. फरक एवढाच की मला उत्तर सापडलं होतं. फॉर्म भरायची तारीख जवळ आली तेव्हा नानांसोबत बांधावर बसलो आणि सांगितलं, मी पुन्हा बसणार नाही परीक्षेला. शेती बघतो, आणि हे बोलायचं काम करतो. ट्यूबचंही सांगितलं. सात ठिगळं मोजली म्हणून. नाना कांद्याच्या पातीकडे बघत राहिले. मला वाटलं आता पाच वर्षांचा हिशोब निघणार. ते म्हणाले, "टायरबी बदली टाक. परत जाशीच तू."

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी माझा हिशोब सांगून टाकतो. पेट्रोल साधारण ५,६०० रुपये, बारा रात्रींचे लॉज ५,८००, जेवण-चहा २,९००, ट्यूब, ऑइल वगैरे ९००, आणि इरकल १,४००. एकूण १६,६००. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही, बाजूच्या पट्टीतून निघायचं. जादा ट्यूब, क्लच केबल आणि प्लग सोबत ठेवा. चेन रोज संध्याकाळी बघा. दर तासाला दहा मिनिटं थांबा, गाडीसाठी नाही, कमरेसाठी. आधी टायर बदला, जॅकेट नंतर घ्या, आणि हेल्मेट कधीच काढू नका. रोज एका माणसाला फोन करायची वेळ ठरवून घ्या. अंधार पडला की थांबा.

आणि फोनवर घरच्यांशी बोलताना खोलीतून उठून जाऊ नका. तिथेच बसून, पूर्ण आवाजात बोला.

तुम्ही घरी कोणत्या बोलीत बोलता? त्याच बोलीत एक मिनिटाची व्हॉइस नोट पाठवा, विषय कोणताही चालेल. पुढच्या एपिसोडची सुरुवात त्यातूनच करू. आता मला उठावं लागेल, खालून नाना हाका मारतायत. आमची ट्रॉली भरलीये. चला, भेटू.